ज्येष्ठांच्या पडण्यावर संशोधन करताना: योग्य माणसं दाखल कशी करून घ्यावीत

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या बागेत सकाळी साडेसहाला टेबल टाकून बसलात, तर दोन तासांत ज्येष्ठ नागरिकांच्या नावांनी वही भरते. अडचण अशी, की ही सगळी माणसं चालणारी आहेत. आठ महिन्यांपूर्वी न्हाणीघरात घसरलेल्या, तेव्हापासून पलंग ते गॅलरी एवढंच चालणाऱ्या आजी त्या वहीत येत नाहीत. पडण्याचा धोका कुणाला आहे आणि हालचालीने तो कमी होतो का, हे शोधायचं असेल तर अभ्यासाला सर्वांत जास्त गरज त्यांचीच आहे. त्यांच्यापर्यंत पोचण्याची तयारी पहिल्या दिवसापासून करावी लागते. वही भरल्यावर मागाहून ती उणीव भरून निघत नाही.

हा लेख पुण्या-मुंबईसारख्या शहरांत आणि आसपासच्या गावांत असा अभ्यास करणाऱ्यांसाठी आहे: फिजिओथेरपीचे पदव्युत्तर विद्यार्थी, सामाजिक आरोग्य विभागातले डॉक्टर आणि प्रत्यक्ष घरोघरी जाणारे कार्यकर्ते.

आधी आकडे मांडा

शेवटपर्यंत किती माणसं हवीत, तिथून उलट मोजत या. समजा, वर्षाच्या शेवटी २०० जणांची पूर्ण माहिती हवी आहे आणि पाचातला एक मध्येच गळेल असा अंदाज आहे. मग २०० ला ०.८ ने भागा: २५० जण दाखल करावे लागतील. २०० मध्ये २० टक्के मिळवून २४० काढणं ही नेहमीची चूक. २४० चे २० टक्के गळले की १९२ च उरतात.

आता त्याच्या वरची पायरी. पहिल्या दोन आठवड्यांच्या चाचणी फेरीत समजा असं दिसलं, की दहा जणांशी बोलल्यावर चार जण प्राथमिक प्रश्नांना तयार होतात आणि त्यांतले दोन निकषांत बसून संमती देतात. म्हणजे २५० साठी १,२५० जणांशी बोलावं लागेल. पहिल्या घरभेटीला दीड तास धरला, तर येण्याजाण्यासकट एक कार्यकर्ता दिवसाला तीन भेटी करू शकतो. दोघांच्या मिळून पाच दिवसांच्या आठवड्याला तीस होतात, पण ‘आज पाहुणे आलेत’, ‘बीपी वाढलंय’ हे धरून वीसच होतील असं समजा. २५० भेटींना साधारण तेरा आठवडे लागले. हे प्रमाण तुमच्या भागात वेगळं निघेल. त्यासाठीच चाचणी फेरी घ्यायची.

या तेरा आठवड्यांत पितृपक्ष, दिवाळी किंवा आषाढी वारी येत असेल तर तेवढे दिवस वजा करा. पितृपक्षात अनेक घरांत नवं काही सुरू करत नाहीत, दिवाळीत कुणाला वेळ नसतो आणि वारीच्या दिवसांत वारकरी घरांतले आजी-आजोबा गावातच नसतात. जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत सोयीचे. मात्र पडण्याच्या नोंदी वर्षभराच्याच घ्या, नाहीतर पावसाळ्यातली शेवाळलेली अंगणं आणि ओले जिने हिशेबात येणारच नाहीत.

कोण हवं, कोण नको

आपल्या कायद्यात ६० वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक. परदेशातले बरेचसे अभ्यास मात्र ६५ पासून सुरू होतात. त्यांच्याशी तुलना करायची असेल तर ६० ते ६४ हा गट वेगळा मोजता येईल अशी सोय ठेवा.

वय विचारून भागत नाही. आधार कार्डावर १ जानेवारी आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख इतकी आढळते, की ती अंदाजे लिहिलेली असावी असंच धरावं. त्यासाठी घटनांची यादी जवळ ठेवा: १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, १९७२ चा दुष्काळ. “पानशेतच्या वेळी शाळेत जायला लागला होता का?” या प्रश्नाला पुण्यातला माणूस थांबून, आठवून उत्तर देतो. गावाकडे बहात्तरचा दुष्काळ जास्त उपयोगी पडतो: “खडी फोडायला जायचात का, की लहान होतात?”

वगळण्याचे निकष कमीत कमी ठेवा. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, काठी, कमी ऐकू येणं, एवढ्यावरून वगळायला लागलात तर या वयाची फारच थोडी माणसं उरतील, आणि जी उरतील ती पडत नाहीत. वगळायचं ते सुरक्षिततेच्या कारणानेच: नुकतंच झालेलं हाड मोडणं किंवा शस्त्रक्रिया, छातीत दुखण्याची अस्थिर अवस्था, आधार घेऊनही उभं राहता न येणं. प्रत्येक निकषापुढे त्याचं कारण एका ओळीत लिहा. कारण लिहिता आलं नाही तर तो निकष काढून टाका.

स्मरणशक्तीच्या चाचणीत एक खड्डा आहे. घड्याळाचं चित्र काढायला लावणाऱ्या चाचण्या शाळेत न गेलेल्या माणसावर अन्याय करतात. ज्या हातांनी कधी पेन्सिल धरली नाही, त्यांच्या वाकड्या वर्तुळावरून बुद्धी मोजू नका. शिक्षणाची अट नसलेली, मराठीत तपासून घेतलेली चाचणी निवडा.

परवानग्या

नोंदणीकृत नैतिकता समितीची मान्यता लागते, आणि ती फक्त आराखड्याला घेऊन चालत नाही. पोस्टर, व्हॉट्सअ‍ॅप संदेश, फोनवर बोलायचा मजकूर, सगळं समितीपुढे ठेवावं लागतं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हाताशी असू द्या. व्यायामाचा कार्यक्रम देऊन त्याचा परिणाम तपासणार असाल, तर पहिली व्यक्ती दाखल होण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंद हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

कुठे शोधायचं

ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र, हास्यक्लब ही दारं सहज उघडतात. तिथे जा, पण एकूण माणसांचा ठरावीक हिस्साच तिथून घ्या, उदाहरणार्थ एक तृतीयांश, आणि तो भरला की थांबा. संघाच्या अध्यक्षांनी तीस नावं एका दमात दिली तरी प्रत्येकाशी एकेकट्याने बोला. अध्यक्षांच्या शब्दाखातर ‘हो’ म्हणणारा माणूस तिसऱ्या महिन्यात फोन उचलत नाही.

नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. व्यवस्थापकांची लेखी परवानगी घेऊन तिथे बसलात तर एरवी बागेत न दिसणारे, काठी टेकत येणारे, मुलाच्या आधाराने येणारे लोक भेटतात. मात्र बँकेत पैशांचा विषय डोक्यात असतो. म्हणून तिथे फक्त ओळखपत्र दाखवून पत्रक द्या. नाव-नंबर लिहून घेण्याची घाई नको.

बायकांसाठी भजनी मंडळं. दुपारी चारच्या सुमारास देवळात जमणाऱ्या बायकांत सत्तरी ओलांडलेल्या बऱ्याच असतात आणि ‘अलीकडे कोण येईनाशी झाली’ हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. हा प्रश्न जरूर विचारा. येईनाशी झालेली बाईच तुम्हाला हवी असते. तिचा नंबर मात्र मैत्रिणींकडून घेऊ नका. पत्रक त्यांच्या हाती पाठवा, आणि तिची हरकत नसेल तर मैत्रिणीबरोबर भेटायला जा.

घराबाहेर न पडणाऱ्यांसाठी आशा सेविकेइतकी अचूक माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते. तिला तिच्या वेळेचा योग्य मोबदला द्या, पण ‘माणसामागे इतके रुपये’ असा दर लावू नका. तसा दर लावला की नकार देणाऱ्यालाही आग्रह होतो. शहरात हेच काम सोसायटीचा वॉचमन, औषधांचं दुकान, घरी जाणारे फिजिओथेरपिस्ट आणि अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागातल्या परिचारिका करू शकतात.

शब्द जपून वापरा

“तुम्ही गेल्या वर्षी पडलात का?” असं विचारलं की उत्तर येतं, “नाही हो.” दहा मिनिटांनी चहा पिताना कळतं, की गणपतीत ओल्या फरशीवर पाय सटकला होता आणि मनगटाला पट्टी होती. ती बाई खोटं बोललेली नसते. आपल्याकडे ‘पडणं’ म्हणजे अंथरुणाला खिळणं. साध्या प्रसंगाला लोक घसरलो, अडखळलो, तोल गेला, भोवळ आली, पाय मुरगळला असं म्हणतात. शिवाय मुलगा समोर बसला असेल तर, “आता एकटीने देवळात जायचं नाही” हा हुकूम सुटेल ही भीती असते.

म्हणून प्रश्न असा विचारा: “गेल्या दिवाळीपासून आजपर्यंत कधी घसरून, अडखळून, तोल जाऊन किंवा चक्कर येऊन जमिनीवर, पायरीवर किंवा आधी होतात त्याहून खाली टेकलात का? लागलं नसेल तरी सांगा.” हीच प्रोफेन या, ज्येष्ठांच्या पडण्यावर काम करणाऱ्या युरोपीय गटाने २००५ मध्ये मांडलेली व्याख्या आहे: अनपेक्षितपणे जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर येणं. कठडा धरून सावरलं तर ते पडणं धरायचं नाही. हे सगळ्या कार्यकर्त्यांकडून उदाहरणं देऊन घोटून घ्या.

हालचालीबद्दलही तसंच. “व्यायाम करता का?” याला “आमचा कसला व्यायाम!” हे ठरलेलं उत्तर. तीच बाई तिसऱ्या मजल्यावर पाण्याच्या कळश्या नेते, नातवाला शाळेत सोडते, शनिवारी मारुतीला अकरा प्रदक्षिणा घालते. तिच्या दिवसातली कामं एकेक करून विचारा: झाडलोट, पाणी भरणं, खुरपणी, जिना, बाजार, देऊळ. आयपॅक ही शारीरिक हालचाल मोजणारी बहुवापरातली प्रश्नावली १५ ते ६९ वयासाठी बनवलेली आहे. सत्तरीच्या पुढे ती जशीच्या तशी वापरू नका.

पत्रकावर ‘पडण्याचा धोका’ हे शब्द मोठ्या अक्षरांत छापले की लोक ते शेजारच्या म्हाताऱ्या काकांना देतात, स्वतःला नाही. ‘आपलं आपण हिंडता-फिरता यावं यासाठी एक अभ्यास’ हे खरंही आहे आणि जवळचंही. मात्र ‘यात आलात तर पडणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. कुणालाही ‘पेशंट’ म्हणू नका. शहरात काका-काकू, गावात बाबा-आजी, आणि शिक्षक असतील तर ‘सर’ किंवा ‘बाई’.

दारातली पाच मिनिटं

अनोळखी नंबरवरून आलेला फोन म्हणजे फसवणूक, हे आज प्रत्येक घरात मुलांनी आईवडिलांना बजावलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून पहिला संपर्क ओळखीच्या माणसामार्फत करा, दुसरा पत्रकाने आणि तिसरा फोनने. पत्रकावर संस्थेचा लँडलाइन नंबर छापा, म्हणजे मुलगा परगावाहून खात्री करून घेऊ शकेल. ओटीपी, आधार क्रमांक आणि बँकेची माहिती आम्ही कधीच मागणार नाही, हे वाक्य पत्रकात ठळक हवं, आणि ते पाळायचंही. प्रवासखर्च रोख द्या व पावती घ्या. खाते क्रमांक मागितलात की सगळा विश्वास गेला.

भेटीची वेळ सकाळी दहा ते बारा किंवा संध्याकाळी पाचनंतर. एक ते चार झोपेची वेळ असते. एकादशी, संकष्टीला चाचण्या ठेवू नका. उपाशी माणसाला खुर्चीतून दहा वेळा उठवणं धोक्याचं आहे.

“मुलगा आल्यावर विचारते” हे खरं कारणही असतं आणि सभ्य नकारही. एकदा मुलगा घरी असेल अशी वेळ मागा. दुसऱ्यांदाही “बघू, सांगते” आलं तर तो नकार समजा, आभार माना आणि नाव बंद करा. उलट बाजूही सांभाळावी लागते. मुलगा “घ्या ना आईला” म्हणतोय आणि आई गप्प आहे, असं असेल तर थांबा. निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाची संमती त्याची स्वतःचीच हवी.

माहितीपत्रक १६ पॉइंटच्या ठसठशीत देवनागरीत छापा. चकचकीत कागद नको, त्यावर मोतीबिंदूच्या डोळ्यांना झगमग होते. पूर्ण पत्रक वाचून दाखवा आणि मग विचारा, “सूनबाईंनी संध्याकाळी विचारलं, हे लोक कशाला आले होते, तर काय सांगाल?” उत्तरात तीन गोष्टी यायला हव्यात: हे संशोधन आहे, उपचार नाही; कधीही सोडता येतं; सोडलं तरी दवाखान्यातली सेवा बंद होत नाही. एखादी आली नाही तर तेवढा भाग पुन्हा सांगा. वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठा आणि निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार अभ्यासाच्या चमूतला नसावा. सही त्याच दिवशी घेण्याचा हट्ट धरू नका. पत्रक घरी ठेवा, दोन दिवसांनी या.

घरात चाचणी घेताना

खुर्चीतून उठून ३ मीटर चालणं, वळणं आणि परत येऊन बसणं, ही चाचणी सोपी वाटते. दहा बाय बाराच्या खोलीत मात्र ३ मीटर सरळ जागा नसते. चाळीत गॅलरी वापरा. आधी पाणी सांडलंय का पाहा, पायपुसणी आणि चपला बाजूला करा, फरशीवर रंगीत चिकटपट्टीने रेघ मारा. घरातली प्लॅस्टिकची खुर्ची चालत नाही, उठताना तिचे पाय फाकतात. साधारण ४६ सेंटिमीटर उंचीची, हात असलेली, भक्कम खुर्ची सोबत न्या आणि भिंतीला टेकवून ठेवा. पायांत रोजची पादत्राणं, हातात रोजची काठी. कार्यकर्त्याने मागून अर्धं पाऊल बाजूला चालायचं. पुढे चालला तर त्याच्या चालीने माणूस चालतो आणि वेळ खोटा येतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या पद्धतीत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका धरतात.

हालचाल मोजणारं यंत्र बहुधा पट्ट्याने उजव्या कमरेला लावतात. साडीत इथे खरी अडचण येते. पट्टा साडीवरून बांधला तर निऱ्यांवर सरकतो, आतून बांधला तर जमिनीवर बसताना टोचतो आणि दुसऱ्या दिवशी कपाटात जातो. परकराच्या नाडीच्या किंचित वर, कमरेच्या हाडाच्या बाजूला, रुंद मऊ पट्ट्यात बसवून बघा. पाचवारी आणि नऊवारी दोन्ही नेसणाऱ्या बायकांवर आधी दोन दिवस चाचणी घ्या. मनगटी यंत्र सोयीचं, पण बांगड्यांवर आपटतं, म्हणून ते कुठल्या हाताला आणि बांगड्यांच्या वर की खाली, हे सगळ्यांसाठी एकच ठरवा. आंघोळीला काढलेलं यंत्र परत लावायचं राहून जातं. ते गोळ्यांच्या डब्यावर ठेवायला सांगा. यंत्र अंगावर असण्याचा रूढ नियम दिवसाला किमान १० तास आणि सातातले किमान ४ दिवस असा आहे. तेवढं भरलं नाही तर आठवडा परत मागावा लागतो, आणि दुसऱ्यांदा फार थोडे जण तयार होतात. यंत्रात आवाज रेकॉर्ड होत नाही, हे न विचारता सांगा. लुकलुकणारा दिवा पाहून घरातल्यांच्या मनात हा प्रश्न येतोच.

गट ठरवताना

दोन गट, एक व्यायाम करणारा आणि दुसरा तुलनेसाठीचा, पाडायचे असतील तर ‘सोडत’ हा शब्द वापरा. म्हाडाच्या घरांमुळे तो घरोघरी ठाऊक आहे आणि त्यात कुणाचा वशिला चालत नाही, हेही त्यातच आलं. एकाच घरातले नवरा-बायको असतील तर दोघांना एकाच गटात टाका. नाहीतर काकूंचे व्यायाम पाहून काका करू लागतात आणि दोन गटांतला फरक पुसला जातो. तुलना गटाला वर्षानंतर तोच कार्यक्रम देणार असाल तर तारीख लेखी द्या.

वर्षभर जोडून ठेवणं

बारा महिन्यांनी एकदाच विचारून चालत नाही. १९८८ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, नक्की पडलेल्यांपैकी १३ ते ३२ टक्के लोकांना ठरावीक कालावधीबद्दल विचारल्यावर आपलं पडणं आठवलं नव्हतं. म्हणून नोंद रोजची आणि वसुली महिन्याची. वेगळी डायरी देऊ नका, ती हरवते. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब रोज लिहिला जातोच. त्याच चौकोनात पडला नाहीत तर टिंब, पडलात तर फुली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच आवाजातला फोन. फुली असेल तर कुठे, काय करताना, पायात काय होतं, उजेड होता का आणि स्वतः उठता आलं का, हे विचारा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर प्रश्नावली तिथेच थांबवा आणि लगेच दवाखान्यात पाठवा, गरज पडली तर १०८ ला फोन करा. घरात मारहाण किंवा आबाळ दिसली तर काय करायचं, हेही आधी ठरवून ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

माणसं गळण्याचं एक मोठं कारण दाखल करतानाच कळू शकतं. विचारा: “पुढच्या वर्षभरात मुलाकडे, लेकीकडे किंवा गावी राहायला जाणार आहात का?” काही घरांत आईवडील दोन मुलांकडे पाळीपाळीने राहतात, काही जण सहा महिने अमेरिकेत असतात. अशांना वगळू नका. दोन्हीकडचे नंबर घ्या, जाताना दिनदर्शिकेचं पान सोबत द्या.

नकाराचीही वही ठेवा. नाव न लिहिता, परवानगी असेल तेवढंच: अंदाजे वय, स्त्री की पुरुष, काठी होती का, कारण काय सांगितलं. दर पंधरा दिवसांनी ही वही आणि दाखल झालेल्यांची यादी शेजारी ठेवून बघा. नकार देणाऱ्यांत ऐंशीच्या पुढच्या, काठी घेणाऱ्या बायका जास्त दिसू लागल्या तर बागेतलं टेबल उचला आणि कार्यकर्त्यांच्या फेऱ्या आशा सेविकेच्या यादीकडे वळवा.

शेवटच्या भेटीत प्रत्येकाला त्याचे स्वतःचे आकडे मराठीत एका पानावर द्या: सुरुवातीला चालायला किती सेकंद लागले, आता किती, वर्षात किती फुल्या. ते पान वाचून दाखवा, आणि घरच्यांना दाखवायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या.